अकरा हिरवी झाडं

आज सकाळी मोसंबीच्या बागेत पहिलं पान पिवळं पडलेलं दिसलं आणि दरवर्षीप्रमाणे मला माझाच संशय आला.

बागेचं पाणी तोडल्याला आज बारावा दिवस. आमच्याकडे याला ताण देणं म्हणतात. थंडी पडायला लागली की मोसंबीचं पाणी बंद करायचं आणि महिना-दीड महिना झाडं तहानलेली ठेवायची. पानं पिवळी पडतात, गळतात, जमीन भेगाळते, बाग पार आजारी दिसायला लागते. मग खत घालून पुन्हा पाणी सोडलं की पंधरा-वीस दिवसांत फांदीफांदीला पांढरी फुलं. ज्यानं हे कधी पाहिलं नाही त्याला ही निव्वळ दुष्टाई वाटेल. मी मोसंबीवाल्याच्या घरात जन्मले, तरी मलाही वाटायची. आणि फुलं येतात ती ताणामुळेच, हे सगळे इतक्या खात्रीनं सांगायचे की त्या खात्रीचाच मला संशय यायचा.

संशय हा माझा मूळ स्वभाव. दूधवाला समोर माप भरत असला तरी मी दुधाकडे न पाहता त्याच्या अंगठ्याकडे पाहते. एस.टी.च्या कंडक्टरनं “बदनापूरलाच जाते” म्हणून सांगितलं तरी आत बसल्यावर शेजारणीला विचारते, तिनं सांगितलं तरी पाटी वाचायला खाली उतरते. विलास, माझा नवरा, म्हणतो, “तू देवाला हात जोडतानाही एक डोळा उघडा ठेवतेस, चपलांसाठी.” खोटं नाही ते. मागच्या श्रावणात चपला त्याच्याच गेल्या, माझ्या नाहीत.

त्यात नोकरीही मला शोभेल अशीच मिळाली. जालन्यात बियाण्यांच्या एका कंपनीत मी उगवण तपासायचे. ओल्या कागदावर शंभर दाणे ओळीनं मांडायचे, कागदाची गुंडाळी करायची, ठरलेल्या दिवशी उघडायची आणि किती दाण्यांना धड कोंब आला ते लिहायचं. दाणा वरून कितीही गोंडस असो, त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही, याचाच मला पगार मिळायचा. सोळा वर्षं ते केलं. मस्तगडातलं घर, घरापासून कंपनीपर्यंतचा ठरलेला रिक्षावाला, डब्यात दोन पोळ्या आणि सुकी भाजी. सगळं कसं कागदाच्या गुंडाळीत गुंडाळल्यासारखं, ऊबदार.

मोजून झालं की ते कोंब कचऱ्यात जायचे. कामच तसं होतं, त्यात कोणाची चूक नाही. पण एक दिवस टोपली रिकामी करताना माझ्या लक्षात आलं की सोळा वर्षांत मी एवढे कोंब पाहिले, आणि त्यातलं एकही रोप मोठं झालेलं पाहिलं नाही. त्या दिवशी भेंडीचा एक कोंब रुमालात घालून घरी आणला. गच्चीवर तेलाच्या डब्यात लावला. त्याला पिवळं फूल आलं तेव्हा मी शेजारच्या बाईला वर बोलावून दाखवलं. ती म्हणाली, “भेंडीच आहे ना?” मी म्हटलं, “हो.” ती खाली गेली. मी मात्र दिवे लागेपर्यंत तिथंच बसले. मला रडायला येत होतं आणि कारण सांगता आलं नसतं.

चार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. त्याच वर्षी दिवाळीत आप्पांनी विचारलं.

आप्पा म्हणजे माझे वडील. बदनापूरच्या पुढे आमचं गाव, गावाबाहेर विहीर आणि मोसंबीची बाग. आई गेल्यापासून ते एकटेच राहायचे. मी त्यांची एकुलती एक. भाऊबीजेला ओवाळायला भाऊ नाही म्हणून मी दरवर्षी आप्पांनाच ओवाळते, तर ओवाळून झाल्यावर ते ताटाकडे पाहतच म्हणाले, “सुमे, माझे गुडघे आता न्हाई म्हणून राह्यले. बाग बटईनं दुसऱ्याला कसायला देऊन टाकू, का तू पाहती?”

“मी?” मी म्हटलं. “काहून?”

“काहून म्हंजे? तुझी हाय म्हणून.”

सरळ उत्तर. पण सरळ उत्तराला मी सुखासुखी सोडणारी नव्हे. आप्पांना काही आजार तर झाला नाही? लपवत तर नाहीत? की भाकरी करून घालायला माणूस हवं आहे आणि बागेचं निमित्त? गावात कोणाशी पैज तर लागली नाही, की माझी पोरगी येते का पाहा? आठ दिवस मी हेच चघळत होते. आपल्याला जायचं आहे, हे मात्र मी स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं.

विलासला सांगितलं. तो सरकारी कचेरीत आहे, फाइल कशी उघडी ठेवायची हे त्याला बरोबर कळतं. म्हणाला, “राजीनामा कशाला? बिनपगारी रजा टाक तीन महिने. जमलं तर जमलं. परतीची वाट बुजवू नये माणसानं.”

शहाण्यासारखं बोलला. मी रजेचा अर्ज दिला. राजीनामाही लिहिला होता, तो घडी करून कपाटात साड्यांखाली ठेवला. आणि गावाला गेल्यावर आप्पांनी विचारलं, “सोडली नोकरी?”

“सोडली.”

“बिलकुल?”

“बिलकुल,” मी म्हटलं.

लहानपणी आम्ही तळ्यात-मळ्यात खेळायचो. त्यात मी कधी बाद व्हायची नाही, कारण मी रेघेवरच उभी राहायची आणि भांडायची.

त्या हिवाळ्याचं सगळं मला आजही लख्ख आठवतं. पहाटे उठले की तोंडातून वाफ निघायची. शेजारी रंगनाथकाकांचं रान. आमच्या नि त्यांच्या रानात एकच बांध. बांधापलीकडे त्यांचा गहू हिरवागार, अलीकडे आमची बाग दिवसादिवसानं पिवळी होत चाललेली. दुपारी कुठून तरी हुरड्याच्या आगटीचा धूर यायचा. पायाखाली पानं वाजायची. आप्पा काठी टेकत ओळीओळीतून फिरायचे, एखादं पान हातात चुरगाळायचे आणि समाधानानं मान हलवायचे. झाडं मरायला टेकली आहेत आणि हा माणूस खूश होतो आहे, हे मला बघवायचं नाही.

“आप्पा, जास्त नाही ना होत?”

“तोंड सुकलं म्हणून माणूस मरत न्हाई. थांब जरा.”

“पण वाळली तर?”

“वाळत न्हाईत. मुळ्या खोल हायेत त्यांच्या.”

मुळ्या कोणी पाहिल्यात? मी कागद उघडून मुळी मोजणारी बाई. जमिनीखाली काय चाललंय ते नुसतं कोणाच्या शब्दावर मानायची मला सवय नव्हती.

गोठ्याजवळ चौथऱ्यावर पाण्याची बंद टाकी आहे. तिच्या नळाचं पाणी गाईला आणि घराला. टाकीपासून चार पावलांवर बागेची शेवटची ओळ, अगदी बांधाला लागून. अकरा झाडं. माझी खोली त्या बाजूला, म्हणून सकाळी डोळे उघडले की तीच दिसायची. एका झाडाची पानं तर अशी वळली होती की मला आईच्या शेवटच्या दिवसांतले हात आठवायचे. बाजाराच्या दिवशी आप्पा गावात गेले. मी भांडी घासली, अंगण झाडलं, पुन्हा अंगण झाडलं. मग टाकीच्या नळाला पाइप लावला आणि अकराही झाडांना पाणी दिलं. पोटभर. पाइप जोडाशी गळत होता, तिथं माझ्या जुन्या ओढणीची चिंधी बांधली. वाळलेल्या मातीवर पाणी पडल्यावर जो वास सुटला, त्यानं मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. आपण एकट्याच शहाण्या, असंही वाटलं.

पुढच्या बाजाराला तेच केलं. त्याच्या पुढच्याही.

तिसऱ्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी आप्पा त्या ओळीपाशी थबकले. बाकी बाग पिवळी आणि ही ओळ गर्द हिरवी. ते हळूहळू खाली बसले, मूठभर माती उचलली, दाबली. मातीचा गोळा झाला. ते उठले तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता.

“रंगनाथ!” त्यांनी बांधावरून हाक मारली.

रंगनाथकाका गव्हात पाणी धरत होते. आप्पांच्याच वयाचे, बारीक, डोक्याला कायम मफलर. ते आले. आप्पा म्हणाले, “तुझ्या गव्हाचं पाणी माझ्या झाडाखाली पाझरून राह्यलं. माझा ताण मोडून टाकला तू.”

“माझं पाणी तुझ्याकडं कसं येईन, आप्पा? उतार कुणीकडं हाय पाह्य की.”

“मंग आभाळातून पडलं का? बांध कोरल्याचा राग हाय तुझ्या पोटात, अजून न्हाई गेला.”

बांधाचा वाद माझ्या लग्नाआधीचा. मला वाटलं होतं तो केव्हाच संपला. दोन म्हातारी माणसं एकमेकांवर ओरडत होती आणि त्या दोघांच्या मधे मी हातात झाडू घेऊन उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. ते मी बोलले नाही. उलट काय केलं सांगू? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं, की मी हळूच टाकीकडे पाहिलं, पाइप नीट गुंडाळून ठेवला आहे ना म्हणून.

रंगनाथकाका खोरं उचलून परत गव्हात गेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बांधालगतचे दोन वाफे पाण्यावाचून सोडून दिले. आपलं पाणी जात नाही हे दाखवायला. पंधरवड्यात हिरव्या गव्हाच्या कडेला वाळकी पट्टी पडली. दरवर्षी ते आप्पांना हुरड्याला बोलवायचे. त्या वर्षी धूर आला, हाक आली नाही. आप्पा धुराकडे पाठ करून बसायचे. मी भाकरी वाढायची आणि त्यांच्या डोळ्याला डोळा द्यायची नाही. जिनं जन्मभर दूधवाल्याच्या अंगठ्यावर नजर ठेवली, तिच्याकडे कोणी संशयानं पाहतसुद्धा नव्हतं. मला ते फार लागायचं. संशय घेण्याइतकीही माझी कोणाला ओळख नाही की काय, असं वाटायचं.

मग पाणी सोडलं. पहिलं हलकं, मग दुसरं भरपूर. आणि एका सकाळी दार उघडलं तर वास आत आला. मोसंबीच्या फुलांचा वास मला लहानपणापासून ठाऊक, पण मधली कितीतरी वर्षं मी तो विसरूनच गेले होते. बाहेर आले. बाग पांढरी झाली होती. जी झाडं मेली असं मी धरून चालले होते, त्यांच्या उघड्या काड्यांवरसुद्धा फुलं. मधमाश्यांचा नुसता घोंगाट. आणि शेवटची ओळ, माझी अकरा झाडं, पोसलेली, तकतकीत, हिरवी. एखाददुसरं चुकार फूल. बाकी पानंच पानं.

आप्पा मागून आले. म्हणाले, “पाह्यलं? ज्याला घरबसल्या प्यायला मिळालं, ते कशाला फुलंल? त्याला काय पडली? रंगनाथनं बरोबर डाव साधला माझ्यावर.”

झाडांवरून माणसांना धडे देणाऱ्यांचा मला भारी संशय आहे. मोबाइलवर रोज कोणीतरी पाठवतं, सुरक्षित किनारा सोडा, झेप घ्या, स्वतःला शोधा. पाठवणारा स्वतः पेन्शन घेऊन खुर्चीत बसलेला असतो. पण त्या सकाळी मला कोणी धडा देत नव्हतं. माझ्यासमोर अकरा झाडं उभी होती आणि त्यांचं मी काय केलं ते मला दिसत होतं. कपाटात साड्यांखाली ठेवलेला तो कागदही दिसत होता. मला लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

“रंगनाथकाकांनी नाही, आप्पा. मी दिलं पाणी. तीन बाजार.”

आप्पांनी त्या हिरव्या ओळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“आणि नोकरी सोडलेली नाही. रजेवर आहे.”

मला वाटलं ओरडतील. ते ओरडले नाहीत. झाडाच्या खोडाला धरून उभे राहिले. “पाण्याचं समजलं,” ते म्हणाले. “तुला दया आली. पण बिलकुल म्हणली होती तू मला. झाडावर तुझा भरवसा न्हाई, बापावर न्हाई. मंग हाय कोणावर?”

मी विचार केला, की स्वतःवर म्हणावं. पण तेही खोटं झालं असतं. माझा स्वतःवर भरवसा असता तर रजा टाकलीच नसती. इतकी वर्षं मी जगाला तपासत होते, आणि खरी भीती एवढीच होती की मला कोणी कागद उघडून पाहिलं तर आत कोंब नसायचा.

“माझ्याशी बोलू नको आत्ता,” आप्पा म्हणाले. “आधी बांध वलांडून जा.”

गेले. रंगनाथकाका वाळक्या वाफ्याच्या कडेला बसले होते. मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी मफलर सोडला, पुन्हा बांधला, आणि म्हणाले, “आप्पानं धाडलं ना तुला?”

“नाही हो काका. मीच केलं. खरंच सांगते.”

“बापाची चूक डोक्यावर घ्यायला आली तू. चांगली हायेस. पण मला येडं समजू नको.”

आयुष्यात पहिल्यांदा मी इतकं खरं बोलत होते आणि समोरचा माणूस मानायला तयार नव्हता. मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. शेवटी हाताला धरून मी त्यांना टाकीपाशी आणलं, पाइप उलगडून दाखवला. जोडावर ओढणीची चिंधी तशीच होती. त्यांनी ती दोन बोटांत धरून नीट पाहिली.

“आप्पा काही ओढणी घेत न्हाई,” ते म्हणाले. “एवढं पटलं मला.”

मी म्हटलं, तुमचे वाफे वाळले, मी काय करू सांगा. त्यांनी नळ एकदा उघडून बंद केला. मग म्हणाले, “मला काही नको. फक्त फुडल्या साली ताण द्यायच्या दिवशी ह्या नळाची ही वरची चावी काढून माझ्यापाशी आणून द्यायची. पाणी सोडायच्या दिवशी घेऊन जायची.”

“आणि गाईचं पाणी?”

“विहिरीतून शेंदायचं. तुला बी थोडा ताण बसू दे की.”

त्या रात्री जेवताना आप्पांनी स्वतःहून ताट पुढं केलं. चार दिवसांनी मी जालन्याला गेले, साड्यांखालचा कागद पर्समध्ये घातला आणि कंपनीत गेले. साहेब भले माणूस, म्हणाले, “रजा शिल्लक आहे बाई, अजून विचार करा.” माझा हात पर्समधल्या कागदावर थांबला. पण डोळ्यासमोर ती तकतकीत हिरवी ओळ आली, आणि मी कागद टेबलावर ठेवून बाहेर पडले. मस्तगडात घरी आल्यावर विलासला सांगितलं. तो म्हणाला, “आता घाबरायचं कोणी? तू की मी?”

“पाळीपाळीनं घाबरू,” मी म्हटलं.

तसंच चाललं आहे. तो शनिवारी इकडे येतो, कधी मी तिकडे जाते. सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही, आणि कोणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका. एका वर्षी फळ इतकं गळलं की मी बागेत बसून साहेबांचा नंबर काढला होता. लावला नाही. त्या अकरा झाडांनी दुसऱ्या वर्षी बहर धरला, आणि त्यांची पहिली टोपली मी रंगनाथकाकांकडे नेली. त्यांनी एक फळ उचलून वास घेतला आणि विचारलं, “पाणी कोणाचं?” आप्पा आता उन्हात बाज टाकून बसतात, डोळ्यांनी कमी दिसतं, तरी पान हातात दिलं की चुरगाळून ताण किती बसला ते सांगतात. मी त्यांना विचारते आणि मग स्वतःही चुरगाळून पाहते. इतकं मला राहवत नाही.

दरवर्षी चावी काढून बांध ओलांडायचा, हा आमच्याकडे आता सणच झाला आहे. यंदाही बारा दिवसांपूर्वी गेले. काकांनी हात पुढं केला नाही.

“ठेव तुझ्यापाशीच,” ते म्हणाले.

“काहून?”

“आता माझ्या ध्यानात ऱ्हात न्हाई. कुठंतरी ठेवीन आन् घरभर हुडकत बसशीन.”

चावी घेऊन परत आले आणि तेव्हापासून डोक्यात भुंगा. खरंच विसरतात, की पारख करतात माझी? परवा त्यांनीच मला तीन वर्षांपूर्वीच्या पावसाचा दिवस तारखेसकट सांगितला होता. बारा दिवस ती चावी फडताळात मिठाच्या बरणीमागं होती. बारा दिवस मी गाईसाठी विहिरीतून पाणी शेंदलं, जसं काही चावी माझ्याकडे नाहीच.

आणि आज ते पहिलं पिवळं पान, नेमकं त्याच ओळीत. ते पाहिलं आणि तोच जुना कळवळा आला. चार वर्षांत काहीच बदललेलं नाही, असं वाटलं. मी घरात गेले, मिठाची बरणी सरकवली, चावी काढली. टाकीपाशी आले आणि ती नळावर बसवली. फिरवली. बादली भरली. अकरा झाडं चार पावलांवर उभी होती.

बादली मी गाईपुढं ठेवली. नळ बंद केला, थेंब पडत नाही ना म्हणून खाली हात धरून पाहिलं, दोनदा. चावी काढली नाही. राहू दे तिथंच.

मान वर केली तर बांधापलीकडे गव्हात रंगनाथकाका उभे. कपाळावर हात धरून इकडेच बघत होते. किती वेळ, कोण जाणे.

“सुमे,” त्यांनी ओरडून विचारलं, “गाईलाच ना?”

“गाईलाच, काका!”

मी वाट पाहत राहिले. मी त्यांच्या जागी असते तर येऊन माती दाबून पाहिली असती. ते बांधापर्यंतही आले नाहीत. मफलर सारखा केला, पाठ वळवली आणि गव्हात निघून गेले.